क्युबेल घ्यायची की हॉर्च? युद्धकाळातली जर्मन गाडी शोधणाऱ्यांसाठी

ती सहा चाकांची लांबलचक मर्सिडीज आधी डोक्यातून काढा. जर्मन स्टाफ कार, म्हणजे लष्करी साहेबांची गाडी, म्हटलं की सगळ्यांना तीच आठवते, पण या जी-४ बनल्याच मुळात ५७, त्याही १९३४ ते १९३९ मध्ये, आणि शिल्लक राहिलेल्यांपैकी एक हिटलरने स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोला भेट दिलेली, ती आजही स्पेनमध्येच आहे, ती काय तुमच्याआमच्यासाठी कुणी विकायला काढणार नाही. मग खरी निवड उरते ती दोघींत, फोक्सवॅगनची टाइप ८२ म्हणजे क्युबेल आणि हॉर्च ९०१. मी स्टुटगार्टजवळ राहतो, सुट्टीच्या दिवशी असले बाजार आणि म्युझियमं पालथी घालायची खोड आहे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी आपलाच कुणीतरी माणूस विचारतो की घ्यायची तर कुठली, म्हणून एकदाच बैजवार लिहून टाकतो.

क्युबेल ही तशी साहेबांची गाडी नाहीच. साहेबही बसायचे, निरोप्याही बसायचा, जखमींनाही तीच न्यायची. १९४० ते १९४५ मध्ये पन्नास हजारांच्या वर बनल्या. इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, आधी ९८५ सीसी आणि १९४३ पासून ११३१ सीसी, ताकद जेमतेम २५ हॉर्सपॉवर, ऐकून हसू येतं, आपल्याकडच्या काही बाईकसुद्धा आज एवढी देतात. पण गाडीचं वजनच सव्वासातशे किलोच्या आसपास, त्यामुळे चिखलात रुतली तरी चार माणसं उचलून बाहेर काढायची. रेडिएटर नाही म्हणजे रशियात पाणी गोठायचा प्रश्न नाही आणि आफ्रिकेत उकळायचाही नाही. चारही चाकांना ड्राइव्ह नसूनही ती कशी चालायची याचं उत्तर मागच्या चाकांच्या हबमध्ये आहे, तिथे एक जादा गिअरची जोडी बसवलीय, त्याने गाडी उचलली जाते, पोटाखाली २९ सेंटीमीटर मोकळे, आणि पहिल्या गिअरमध्ये ती ताशी ४ किलोमीटरने, म्हणजे पायी चालणाऱ्या शिपायाच्या बरोबरीने, न धक्के खाता जाते.

नेदरलँड्समध्ये ओव्हरलोन म्हणून गाव आहे, तिथल्या युद्ध म्युझियमच्या आवारात मिलिट्रॅक्स नावाचा जुन्या लष्करी गाड्यांचा मेळावा भरतो, या गाड्या तिथे नुसत्या उभ्या नसतात, फिरवतात, आणि आपल्याला बसायलाही मिळतं. घ्यायचा विचार असेल तर आधी तिथे जाऊन या, फोटो बघून ठरवू नका. मी क्युबेलमध्ये मागे बसलो होतो. दार लावल्यावर आवाज आला तो अगदी पिठाच्या डब्याचं झाकण लावल्यासारखा, पत्रा इतका पातळ की त्याला ताकद यावी म्हणून सगळीकडे खाचा पाडल्यात, आणि दहा मिनिटांत माझा कंबरेपासून खालचा भाग कुठे आहे ते मला कळेना. क्युबेल म्हणजे जर्मनमध्ये बादली. नाव खोलगट सीटवरून पडलंय, पण बसून बघा, पूर्ण गाडीलाच लागू पडतं.

आता हॉर्च. ही बघताक्षणी प्रेमात पाडते, इथेच घात होतो. व्ही-८ इंजिन, आधी साडेतीन लिटर नंतर ३.८, ताकद ऐंशीच्या आसपास, चारही चाकांना ड्राइव्ह, प्रत्येक चाकाला दोन-दोन स्प्रिंगा. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये स्टेपनी दोन्ही बाजूंना मधोमध लावलेली असते आणि ती नुसती टांगलेली नाही, फिरते. बांधावरून जाताना गाडीचं पोट टेकायला आलं की ही चाकं जमिनीला लागतात आणि गाडीला पुढे सरकू देतात. मी हाताने फिरवून पाहिलंय, लोण्यासारखं फिरतं चाक! मागे ऑफिसर बसायचा, पाय पसरायला ऐसपैस जागा, खरी स्टाफ कार हीच.

पण. गाडी जवळपास तीन टनांची, शंभर किलोमीटरला पेट्रोल वीस-पंचवीस लिटर सहज, क्युबेलला आठ-नऊ. उंची दोन मीटरच्या घरात, म्हणजे इथल्या बिल्डिंगांच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आत जायचेच वांधे, वेगळं शेड भाड्याने घ्या. आणि सगळ्यात मोठी गोची पार्टची. हॉर्चचा कारखाना स्विकाऊचा, युद्धानंतर ते गाव रशियनांच्या वाट्याला गेलं, तिथे पुढे पूर्व जर्मनीची छोटी ट्राबांट बनू लागली, हॉर्चची लष्करी व्ही-८ पुन्हा कोण कशाला बनवेल. ओळखीतल्या एका आजोबांच्या हॉर्चच्या सिलिंडर हेडला चीर गेली, दुसरं मिळेना, शेवटी वेल्डिंग करून घ्यायला माणूस शोधण्यातच वर्ष गेलं, आणि या सगळ्या काळात गाडी ताडपत्रीखाली. क्युबेलचं उलट आहे, तिचं ११३१ सीसीचं इंजिन युद्धानंतर बीटलमध्ये १९५३ च्या शेवटापर्यंत चालू होतं, त्यामुळे जुन्या बीटलवाल्यांकडे पार्ट आणि अक्कल दोन्ही मिळतं. हबमधले ते गिअर आणि बॉडीचं सामान तेवढं शोधावं लागतं.

अजून एक. हॉर्चचाच साचा ओपेलनेही बनवला, सहा सिलिंडरचं इंजिन घालून, पण विकणारे सरसकट हॉर्च म्हणून खपवतात. बॉनेट उघडून प्लगच्या वायरी मोजा. सहा निघाल्या तर भाव तिथेच पाडा. आठ निघाल्या तरी इंजिन मागाहून बदललेलं असू शकतं, त्यामुळे लगेच खूश होऊ नका.

मधली वाट म्हणून काही जण टाइप ८७ सांगतात. वरून बीटल, खालून क्युबेल, शिवाय चारही चाकांना ड्राइव्ह, आणि ही मात्र खास कमांडरांसाठीच काढलेली. दिसायला गोड, चालवायला सोपी, पण बनल्या साडेपाचशेच्या आसपास, आणि बीटलची बॉडी जगात मुबलक, मग नकली बनवायला किती वेळ लागतो सांगा. कागदपत्रं दगडासारखी पक्की नसतील तर मी त्या वाटेला जाणार नाही. पाण्यावर तरंगणारी श्विमवॅगन पण याच घरातली, तिचा तळ गंजला की संपलं, ती हौसच वेगळी.

नकलीचा विषय निघालाच आहे तर ऐका, क्युबेलमध्येही तो कमी नाही. एका बाजारात मी टेबलावर कोऱ्या डेटा प्लेट, म्हणजे गाडीचा नंबर आणि साल ठोकायच्या पट्ट्या, मांडून ठेवलेल्या पाहिल्यात, तुम्ही सांगाल तो नंबर आणि साल ठोकून मिळत होतं, शेजारी मागचा काफिल्याचा दिवा, तोही नवा बनवलेला आणि जुना दिसावा म्हणून गंजवलेला. तो दिवा मजेशीर आहे बरं का, त्याला चार खिडक्या, मागच्या ड्रायव्हरला लांबून एकच उजेड दिसतो, जवळ आला की दोन आणि फारच जवळ आला की चार, म्हणजे अंधारात अंतर राखायची सोय. खरा दिवा मिळाला तर नुसता तोही घेऊन ठेवा. पण गाडी ठरवताना दिव्यावर आणि प्लेटवर जाऊ नका, गाडीच्या तळाला मधोमध जो उंचवटा असतो, त्या टनेलवर कोरलेला चासिस नंबर बघा, त्याच्या आजूबाजूला घासलंय का, वेल्डिंग आहे का, रंगाचा थर मध्येच नवा आहे का. बॉडी नवीन बनवलेली असेल तर त्यात पाप नाही, फक्त भाव तसा लागला पाहिजे. नॉर्वेतून आलेल्या गाड्यांना मी जरा जास्त कान देतो, कारण तिथलं जर्मन सैन्य १९४५ च्या मेमध्ये मोठी लढाई न होताच शरण आलं आणि गाड्या शाबूत राहिल्या.

आणि कुणी म्हणालं की ही अमक्या जनरलची, तर हसून सोडून द्या. ऑटावाच्या कॅनेडियन वॉर म्युझियममध्ये एक काळी मर्सिडीज आहे, ती कित्येक वर्षं नाझी हवाई दलप्रमुख गोरिंगची म्हणून दाखवत होते, तिथल्याच एका लायब्ररीयनने चिकाटीने कागद उकरले तेव्हा कळलं की ती हिटलरच्या ताफ्यातली. म्युझियम फसतं तिथे तुम्ही-मी कोण.

जर्मनीत रस्त्यावर आणायची तर ३० वर्षांवरच्या गाडीला जुन्या गाड्यांची एच नंबरप्लेट मिळते, टॅक्स वर्षाला ठरलेला १९१.७३ युरो, इंजिन ११३१ सीसीचं असो की ३.८ लिटरचं, म्हणजे इथे तरी हॉर्चवाल्याची चंगळ. नाझी चिन्हं मात्र गाडीवर नकोत, जर्मन दंडविधानाचं कलम ८६ अ लागतं, म्युझियम, संशोधन वगैरेला सूट आहे पण तुमची रविवारची रपेट त्यात बसत नाही. यावरून आमच्या घरी झालेली गंमत. मी शेवटी क्युबेल नाही तर १९७१ ची फोक्सवॅगन १८१ घेतली, क्युबेलची नात म्हणा, पश्चिम जर्मनीच्या सैन्यानेही वापरलेली, बीटलचेच पार्ट, किंमत खऱ्या क्युबेलच्या काही हिश्शाइतकीच. आई तेव्हा इकडे आलेली, ती हळदकुंकू घेऊन खाली उतरली आणि बॉनेटवर स्वस्तिक काढायला बोट टेकवणार इतक्यात मी ओरडलो. आपलं स्वस्तिक वेगळं हे खरं, पण ऑलिव्ह रंगाच्या लष्करी गाडीवर ते बघून थांबलेल्या पोलिसाला कोण समजावत बसणार? शेवटी श्री काढलं. आई दोन दिवस धुसफुसत होती.

दुसरी एक गोष्ट मला टोचते. फालर्सलेबेनच्या ज्या कारखान्यात क्युबेल बनायच्या तिथे युद्धाच्या काळात सुमारे वीस हजार माणसं सक्तीने राबवली गेली, आजच्या वोल्फ्सबुर्गमधल्या त्याच कारखान्याच्या एका बंकरमध्ये त्यांचं स्मारक आहे. क्युबेल घेणार असाल तर एकदा तिथे जाऊन या, आणि नंतर गाडीवर कुठली रंगरंगोटी करायची ते ठरवा.

तर घरी शेड आहे, मेकॅनिक ओळखीचा आहे आणि दोन-तीन वर्षं नुसती वाट बघायची तयारी आहे, तर हॉर्च घ्या, तुमचा हेवा वाटेल. यातलं एकही नसेल तर क्युबेल, तीही इंजिन १९४३ नंतरचं बघून. आणि पहिलीच जुनी गाडी असेल तर एक-दोन वर्षं १८१ चालवा, हात बसेल, नंतर विकायलाही त्रास नाही. कुठलीही बघायला जाल तेव्हा निघण्याआधी फोनवर चासिस नंबरचा उजेडात काढलेला फोटो मागा, आणि "या, समोर बघू" असं उत्तर आलं तर ते पेट्रोल वाचवा.