२७,८४६ रुपयांचा विग
आधी हिशेब मांडते, म्हणजे ‘झाली असेल काहीतरी किरकोळ गंमत’ असं कुणाला वाटायला नको. विग ११,९९९ रुपये. त्याच्या निगेसाठी म्हणून गळ्यात मारलेला संच १,८५० रुपये. ‘बदलून देतो’ म्हणत घेतलेला पिकअपचा खर्च ९९९ रुपये. आणि ‘परतावा’ या नावाखाली माझ्याच खात्यातून गेलेले १२,९९८ रुपये. एकूण २७,८४६. आजपर्यंत यातला एक रुपया परत आलेला नाही.

मला चाई आहे, म्हणजे डोक्यावरचे केस गोल चकत्यांनी गळतात. आधी कानामागे एक टिकली दिसली, मग दुसरी, मग त्या एकमेकींना मिळाल्या. डॉक्टरांची इंजेक्शनं चालू आहेत, पण केस काय मुहूर्त बघून उगवत नाहीत. तोंडावर आखाजी, म्हणजे आमची अक्षय तृतीया, माहेरी जायचं, आणि वैशाखातच भाचीचं लग्न. हळदीपासून वरातीपर्यंत डोक्यावरचा पदर सांभाळत फिरून बघा एकदा. हे एवढ्यासाठी सांगते की ‘एवढी हौस कशाला करायची’ हा प्रश्न मला ठाण्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय.

जाहिरात मोबाईलवर आली. ‘शंभर टक्के मानवी केस, थेट तिरुपतीचे.’ तिरुपतीच्या केसांचा लिलाव होतो, ते केस परदेशात जातात, हे खरंच आहे, सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच तर हे लोक ते नाव वापरतात. किंमतही फार कमी नव्हती. दोन हजारांना म्हणाले असते तर मीच हसले असते. बारा हजारांत माणूस विचार करतो की स्वस्त नाही, म्हणजे खोटं नसेल. व्हिडिओ कॉलवर एक बाई बोलली, गोड मराठीत, ‘ताई ताई’ करत. तिने विगवरून कंगवा फिरवून दाखवला, वर म्हणाली, ‘स्वतःचे केस समजा, तेल लावा, केसांची इस्त्री फिरवा, काही होत नाही.’ कॉलवर तिच्या हातात असलेला विग खरा असेलही. माझ्या घरी आला तो वेगळा. कॉलवर दाखवलेली वस्तू आणि खोक्यातून निघालेली वस्तू एकच असते, असं मानू नका.

खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, कुठल्या देशाचा माल ते नाही, छापील किंमत नाही. साध्या बिस्किटाच्या पुड्यावर हे सगळं असतं. बाहेर देशातून आलेल्या पाकीटबंद मालावर तर देशाचं नाव असणं कायद्याने सक्तीचं आहे. विगच्या आतल्या जाळीला मानेपाशी कापडी पट्टीचं एक टोक शिवलेलं होतं, उरलेली पट्टी कात्रीने कापलेली. त्या पट्टीवर बहुधा धागा कशाचा ते लिहिलेलं असतं. हे मला आता कळलं. तेव्हा वाटलं, टोचू नये म्हणून कापली असेल. किती काळजी घेतात बघा!

आता तो क्षण, ज्याच्यासाठी मी अजून रात्रीची जागी होते. माहेरी जायच्या आधी विग धुतला. बादलीत बुडवला, बाहेर काढला, निथळायला टांगला. त्याच्या टोकांना सुंदर वळणं होती, आणि धुतल्यावर ती जातील अशी मला धास्ती होती. वाळल्यावर बघते तर प्रत्येक वळण जिथल्या तिथे. मी खूश! नणंदेला फोन करून सांगितलं, ‘माल चांगला आहे गं, वळण हललं नाही.’ अहो, माणसाचा केस भिजला की इस्त्रीने दिलेलं वळण सोडतो, वाळल्यावर ते नव्याने बसवावं लागतं. आपल्याच डोक्यावर आपण जन्मभर हे बघत आलोय. धुऊनही वळण तसंच राहतं ते कृत्रिम धाग्याचं, कारण ते कारखान्यात उष्णतेने कायमचं बसवलेलं असतं. वाळलाही किती पटकन. खरे केस एवढे दाट असते तर अर्धा दिवस ओले राहिले असते. सगळं समोर टांगलेलं होतं, दोरीवर, आणि ते बघून मी कौतुक करत होते. पण मला सांगा, धुतल्यावर माल चांगला राहिला म्हणून कुणी संशय घेतं का?

माहेरी आखाजीला खापर मांडलं. मांडे करायचे म्हणजे चुलीसमोर वाकावंच लागतं. माझी पाळी आली, मी दोन-चार मांडे टाकले असतील. संध्याकाळी आरशात बघते तर कपाळावरच्या बटा आखडलेल्या, टोकं खरखरीत, कंगवा जाईना. ज्वाळा लागली नव्हती, नुसती धग. कृत्रिम धाग्याला तेवढी पुरते. कुकरचं झाकण उघडतानाची वाफ, भट्टी, तंदूर, पेटता गॅस, सगळ्यांपासून लांब. मला हे कुणी सांगायचं होतं? विकणाऱ्याने. पण सांगितलं असतं तर ११,९९९ कसे घेतले असते?

फोन केला तर व्हिडिओ कॉलवरची ती बाई म्हणाली, ‘ताई, केस कोरडे पडलेत, पोषण हवं.’ आणि १,८५० चा संच पाठवला. तेल, सीरम, फवारा. मी भक्तिभावाने तेल चोळलं. प्लास्टिकचा धागा तेल पिणार कुठून? ते वरच बसलं, खान्देशातली उन्हाळ्याची धूळ त्यावर चिकटली, मानेपाशी गुंता होऊन गोळा झाला. परत फोन. ‘ताई, इस्त्रीचं मशीन दोनशे डिग्रीवर ठेवा आणि एकदाच फिरवा.’ फिरवलं. वास आला तो जळक्या पिशवीचा. बट वितळून मशीनच्या पात्याला चिकटली, ओढली तर तार निघाली. मशीन नणंदेचं होतं, त्याचे पैसे मी हिशेबात धरलेलेच नाहीत.

म्हणजे खोटं नुसतं किमतीत नव्हतं, हे नीट ध्यानात घ्या. कृत्रिम विग वाईट नसतो. तो कृत्रिम म्हणून दोन हजारांत दिला असता आणि तशी निगा सांगितली असती, तर लग्न निभावून वर काही महिने चालला असता. खऱ्या केसांची निगा आणि याची निगा उलट्या टोकांची. त्यांनी मला माझ्याच हाताने तो जाळायला लावला, आणि मग म्हणाले, ‘ताई, तुम्ही वापरताना खराब केलाय.’

आमच्याकडे गॅदरिंगला आणि नाटकांना टोप भाड्याने देणारे एक काका आहेत. त्यांनी विग हातात घेतला, एक धागा उपटून काडी लावली. धागा जळला नाही, आक्रसला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. मग स्वतःच्या डोक्यावरचा एक पांढरा केस उपटून जाळला. त्याचा जळक्या पिसासारखा वास आला आणि बोटांत चुरून राख झाली. संपली परीक्षा. विग आला त्याच दिवशी एक धागा जाळा, तोही ताटलीवर, विगपासून लांब, आणि खोकं उघडण्यापासून सगळ्याचा व्हिडिओ काढा. माझ्याकडे व्हिडिओ नाही, म्हणून माझ्याकडे पुरावा नाही.

काकांनीच सांगितलं की गार पाण्यात थोडा शाम्पू कालवून विग नुसता बुडवायचा, चोळायचा नाही, पिळायचा तर अजिबात नाही. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपायचं, सावलीत वाळवायचा, आणि ओला असताना कंगवा लावायचा नाही. रुंद दातांचा कंगवा, टोकापासून सुरू करून वर. गुंता फार असेल तर कपडे मऊ करायचं जे द्रव्य मिळतं ते पाण्यात थोडं टाकून त्यात भिजवायचा. वळण बदलायचं तर रोलरवर गुंडाळून गरम पाणी ओतायचं, उकळतं नाही, आणि पूर्ण गार होईपर्यंत रोलर सोडायचे नाहीत. उष्णता सोसणारा धागाही मिळतो, पण पाकिटावर लिहिलंय त्याच्यावर मशीन न्यायचं नाही, आणि लिहिलेलं नसेल तर मशीन लावायचंच नाही. गाडीच्या डिकीत विग ठेवू नका, आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत डिकीची भट्टी होते. माझ्या विगला यातलं काही लागू नव्हतं. वितळलेला धागा परत येत नाही, कापावाच लागतो.

परताव्याचं तुम्ही ओळखलंच असेल. आधी ९९९ भरा, माणूस विग घ्यायला येईल. माणूस आला नाही. मग एका ‘साहेबा’चा फोन, ‘पूर्ण १२,९९८ परत करतो, पाठवलेला क्यूआर स्कॅन करा, पिन टाका.’ घरात लग्नाची गर्दी, दारात मांडववाला, कानाला फोन, आणि तिकडून ‘लवकर करा, लिंक बंद होईल’. पैसे यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही, हे मी स्वतः सासूबाईंना समजावून सांगितलेलं आहे. त्या दिवशी आकडा बरोब्बर माझाच होता, विगचे आणि पिकअपचे मिळून, रुपयाचाही फरक नाही. त्यामुळे पटलं. सासूबाई आता उठता-बसता ऐकवतात, ‘तुले कोनी सांगेल व्हतं इतला पैसा देवाले?’

आता ठाणं. गावाचं नाव घेत नाही, तिथेच राहायचंय. टेबलावरच्या माणसाने विचारलं, ‘विग म्हणजे नाटकातला?’ शेजारचा हसला. मग, ‘पिन तुम्हीच टाकला ना? मग फसवणूक कसली?’ पिन मी टाकला तो खोटं सांगून टाकायला लावला म्हणून, यालाच फसवणूक म्हणतात. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? ‘ऑनलाइन तक्रार करा’ म्हणाले. केली, त्याची प्रिंट घेऊन गेले, तर ‘बँकेचं पत्र आणा’. बँकेत गेले, तर ‘पोलिसांचं पत्र आणा’. मी म्हटलं, तुम्ही दोघं एकमेकांना फोन करा ना, मी मध्ये पोस्टमन आहे का? बँकेतल्या बाईंनी चष्मा वर करून माझ्या डोक्याकडे बघितलं, मी तेव्हा स्कार्फ बांधला होता, आणि म्हणाल्या, ‘एवढे पैसे केसांवर?’ एका ठिकाणी जेवणाची सुट्टी, दुसरीकडे साहेब बंदोबस्ताला, तिसरीकडे सर्व्हर बंद. दरम्यान ते पैसे कुठल्या कुठे फिरून गेले. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन पहिल्या काही तासांत करायचा असतो, तरच पैसे मध्ये अडवता येण्याची शक्यता असते. ठाण्यात नंतर जा, फोन आधी. मला हे ठाण्यात सांगितलं, पण तास उलटून गेल्यावर.

वकिलांनी विचारलं, ‘समोरच्याचा पत्ता?’ पार्सलवर परराज्यातल्या एका गोदामाचा पत्ता, तिथे फोन केला तर म्हणाले, आम्ही फक्त माल पुढे पाठवतो. ऑनलाइन विकणाऱ्याने नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची माहिती उघड द्यायची, असा २०२० चा नियम आहे. ती माहिती नसलेल्या पानावरून काहीही घेऊ नका, विग काय आणि साडी काय.

ग्राहक आयोगात मात्र आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, २०१९ च्या कायद्याने तशी सोय केली आहे. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. माझे कागद तयार आहेत. त्या पानाचं नाव आता बदललंय, जाहिरातीत तोच विग, तोच फोटो, किंमत ९,९९९. तक्रार एकाच कारणाची असेल तर अनेक ग्राहकांना मिळूनही आयोगाची परवानगी घेऊन ती करता येते. तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही जिल्ह्यातल्या कुणाचे पैसे अशाच ‘तिरुपती’च्या विगवर गेले असतील, तर खोकं, कापलेली पट्टी, चॅट आणि पैसे भरल्याची पावती यातलं काही फेकू नका. वितळलेला विगसुद्धा ठेवा. माझा पिशवीत बांधून कपाटावर ठेवलाय, तक्रारीला जोडायला.