जळगावातलं न्यूरो क्लिनिक: भाचीच्या फिटचं निदान कसं झालं, काय आवडलं, काय खटकलं

ज्यांच्या घरात कुणाला फिट येतात आणि नेमकं कुठल्या डॉक्टरकडे जायचं हे कळत नाहीये त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय, लांबलंय पण पूर्ण वाचा. जळगावात एका न्यूरोलॉजिस्टकडे माझ्या भाचीची ट्रीटमेंट चालू आहे, बरेच महिने झाले आता. पाचपैकी साडेचार स्टार देतो, अर्धा कापलाय तो जिन्यासाठी, ते पुढे येईलच. क्लिनिकचं नाव इथं टाकत नाही कारण भाची अमळनेर तालुक्यातली, आमच्याकडे कुणाची पोर आणि कुठल्या डॉक्टरकडे जाते यावरून लोक दोन मिनिटांत घर शोधून काढतात आणि फिटचं नाव निघालं की पोरीच्या लग्नापर्यंत गोष्ट जाते. ज्याला खरंच गरज आहे त्याने मेसेज करा, नाव पत्ता सगळं देतो.

पोर सोळा वर्षांची, अकरावी सायन्स. पहिली फिट आली ती घरातल्याच एका लग्नात, हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आपल्याकडची हळद म्हणजे माहीतच आहे, रात्रभर डीजे, ते लेझर लाइट, पोरं पहाटेपर्यंत नाचतात. सकाळी लवकर उठवलं तिला, चहा घ्यायला गेली आणि तिथंच पडली, दातखिळी बसली, हातपाय झटकायला लागले. मग जे होतं तेच झालं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल आणली, कुणी दातात चमचा घालायला निघालं. आजीचं एकच चाललेलं, पोरले नजर लागनी व माय. नंतर अंगारा झाला, दोरा झाला, ते मी काही बोलत नाही, घाबरलेलं माणूस जे सुचेल ते करतं.

दवाखानाही केला लगेच. एका ठिकाणी एमआरआय काढला, नॉर्मल आला, फिटची गोळी चालू झाली, कार्बामाझेपिन. गोळी नियमित चालू होती तरी काही महिन्यांनी दुसरी फिट आली, आणि मधल्या काळात पोरीच्या हातातून वस्तू पडायचं प्रमाण वाढत गेलं. सकाळी ब्रश उडायचा, चहाचा कप सांडायचा, कंगवा पडायचा. ताईला वाटायचं धांदरट झालीये, मोबाइलमध्ये लक्ष आहे. ही गोष्ट दवाखान्यात सांगायची असते हे कुणाच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं, कप सांडला म्हणून कोण डॉक्टरकडे जातं.

आता मुद्द्याचं. जळगावच्या या डॉक्टरांनी आम्ही बसल्याबसल्या फाइल हातात घेतलीच नाही. आधी पोरीशी बोलले, कितवीला, कुठलं गाव, आणि गाव ऐकल्यावर सरळ अहिराणीत आले, मग आजी पण मोकळी झाली जी तोपर्यंत कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसलेली. फिट आली तेव्हा तिथं हजर कोण होतं, त्यानेच सांगा म्हणाले. आधी काय झालं, डोळे उघडे होते का, मान एका बाजूला वळली का, जीभ चावली का, कपड्यात लघवी झाली का, शुद्धीवर यायला किती वेळ लागला, आदल्या रात्री झोप किती झालेली. दुसऱ्या फिटच्या वेळी मेव्हण्यांच्या पुतण्याने मोबाइलवर थोडं शूटिंग केलेलं, घरातले त्याला ओरडले होते तेव्हा, पण डॉक्टरांनी तेच शूटिंग परत परत बघितलं आणि चांगलं काम केलं म्हणाले. आणि मग पोरीकडे वळून विचारलं, सकाळी उठल्यावर हातमाईन काही पडस का? पोर आईकडे बघायला लागली. ताई म्हणाली हो, रोजच पडतं काहीतरी.

तिथं निम्मं निदान झालं. तपासणी त्यानंतर, आणि तीही निवांत. डोळ्यात बॅटरी टाकून आत बघितलं, गुडघ्यावर हातोडी मारली, तळपायावर रेघ ओढली, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालायला लावलं, बोट नाकाला लाव मग माझ्या बोटाला लाव असं करायला लावलं. जुना एमआरआय लाइटवर लावून स्वतः बघितला, फक्त रिपोर्टचा कागद वाचला नाही, आणि परत काढायची गरज नाही म्हणून सांगितलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एमआरआयचा खर्च आपल्या शेतकरी माणसाला काय पडतो हे सगळ्यांना माहीत आहे, कापसाला भाव नसला की तेवढ्यासाठी उसनवारी करावी लागते.

मग ईईजी काढला, त्याच क्लिनिकमध्ये, पण त्याच दिवशी नाही. घरी पाठवलं आणि सांगितलं की डोकं शाम्पूने धुऊन या, तेलाचा थेंब नको, आदल्या रात्री झोप कमी घेऊन या, गोळी मात्र चुकवायची नाही. ज्यांना ईईजीची भीती वाटते त्यांच्यासाठी सांगतो, यात शॉक देत नाहीत, मेंदूत जी बारीक वीज आपोआप चालू असते ती फक्त नोंदवतात. मी शाळेवर विज्ञान शिकवतो त्यामुळे मला यात रस, माणसाच्या मेंदूची ही नोंद पहिल्यांदा जर्मनीत हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरने १९२४ साली घेतली, म्हणजे शंभर वर्षं झाली आणि अजून फिटच्या आजारात याला तोड नाही. टेक्निशियन मॅडमने टेपने डोकं मोजलं, पेन्सिलने खुणा केल्या, पेस्ट लावून एकेक वायर चिकटवली, प्रत्येक वेळी पोरीला सांगून. मग डोळे मिट, डोळे उघड, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घे, मग समोर लाइटची उघडझाप वेगवेगळ्या वेगाने, शेवटी झोपू दिलं. लाइटच्या वेळी आणि झोपेतून उठतानाच्या तुकड्यात टोकदार लहरींचे झुपके आले, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, ते डॉक्टरांनी स्क्रीनवर आम्हाला बोट ठेवून दाखवले.

आजाराचं नाव जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, शॉर्टमध्ये जेएमई. साधारण बारा ते अठरा वयात सुरू होते, झोपेतून उठल्यावर हाताला खांद्याला झटके बसतात, पोरगं पूर्ण शुद्धीवर असतं म्हणून कुणी मनावर घेत नाही, आणि मग झोपमोड झाली की एखाद्या सकाळी मोठी फिट येते. दुर्मिळ पण नाही, सगळ्या एपिलेप्सी पेशंटमध्ये शंभरात पाच ते दहा याच प्रकारचे असतात. बुद्धीवर परिणाम नाही, एमआरआय नॉर्मलच येतो. आणि खरी गोम ही की कार्बामाझेपिन हे औषध दुसऱ्या प्रकारच्या फिटला एकदम चांगलं असलं तरी या प्रकारात ते झटके वाढवू शकतं. म्हणजे वस्तू पडायचं प्रमाण का वाढत गेलं ते तिथं कळलं. डॉक्टर आधीच्या डॉक्टरांबद्दल वाईट एक शब्द बोलले नाहीत, एवढंच म्हणाले की झटक्यांची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नसेल तर त्यांना कळणार कसं. पण माझं मत स्पष्ट आहे, ते विचारायला पाहिजे होतं. सोळा वर्षांच्या पोरीला सकाळच्या वेळी फिट आली की सकाळी हाताला झटके बसतात का हा प्रश्न विचारायला काही मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. आपल्याकडे पेशंटची रांग एवढी असते की या एका प्रश्नाला वेळ मिळत नाही आणि पोरं वर्षानुवर्षं भलत्या गोळ्या खातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जुनी गोळी एकदम बंद केली नाही, हळूहळू कमी करत नेली आणि लेव्हेटिरासेटाम कमी डोसपासून चालू केली. या आजारात व्हॅलप्रोएट हे जुनं आणि जोरदार औषध आहे पण मुलगी आहे म्हणून ते टाळलं, आणि का टाळलं ते ताईला नीट बसवून सांगितलं, की पुढे गरोदरपणात ते चालू राहिलं तर शंभरात साधारण दहा बाळांमध्ये जन्मजात व्यंग येतं, शिवाय बाळाच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. नवीन गोळीने चिडचिड वाढू शकते, रडू येऊ शकतं, तसं झालं तर पोरीला रागावू नका, आम्हाला फोन करा, हे पण आधीच सांगितलं. झालीही चिडचिड सुरुवातीचे काही आठवडे, पण कारण माहीत होतं म्हणून घरात भांडण झालं नाही. लेव्हेटिरासेटाम जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळते, फक्त कंपनी मनाने सारखी सारखी बदलू नका असं सांगितलं. आणि हा आजार गोळ्यांनी छान आटोक्यात राहतो पण गोळ्या बहुतेक वेळा बरीच वर्षं घ्याव्या लागतात, बरं वाटलं म्हणून कुणी मनाने बंद केल्या की फिट परत येते, हे तीनदा बजावलं.

नियम पण दिले, आपल्या इकडच्या जगण्याकडे बघून दिले. विहिरीवर एकटं जायचं नाही, नदीत पोहायचं नाही, चुलीपाशी एकटं बसायचं नाही, स्कुटी सध्या बंद. रात्र जागून अभ्यास बंद, नीटचा क्लास असला तरी झोप पूर्ण पाहिजे. हळदीला जायचं पण वेळेवर घरी यायचं, लाइटच्या समोर उभं राहायचं नाही. ताईने शेवटी तो प्रश्न विचारलाच, लग्नाचं कसं. डॉक्टर म्हणाले लग्न होतं, मुलंबाळं होतात, त्याआधी मला येऊन भेटायचं, फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून चालू करू, आणि समोरच्यांपासून लपवायचं नाही. तेव्हा मी मुद्दाम सांगितलं की हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फिटचा आजार म्हणजे लग्नाला आडकाठी होती, ती १९९९ मध्ये कायदा बदलून काढून टाकलीये. हे अजून आपल्या कितीतरी वकील मंडळींच्या पण लक्षात नसतं, गावात तर विचारूच नका.

अजून एक चांगली गोष्ट. तिथं फिट आल्यावर काय करायचं याचा मराठीत छापलेला कागद देतात, चित्रांसह. कुशीवर वळवा, कपडे सैल करा, आजूबाजूचं सामान बाजूला करा, घड्याळ बघा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका, कांदा चप्पल काही नको, पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर लगेच दवाखाना. मी त्याच्या झेरॉक्स काढून आमच्या शाळेत आणि भाचीच्या कॉलेजला दिल्या. शिक्षक मंडळींनी हे वाचलंच पाहिजे, वर्गात फिट आली की आपण काय करतो यावर पोराची जीभ आणि दात अवलंबून असतात.

बाहेर बसल्यावर दुसऱ्या पेशंटचं पण ऐकू येतं. पारोळ्याकडचे एकजण होते, पूर्ण माळकरी, त्यांना मेंदूत किड्याची गाठ निघाली, न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात, आणि त्यांचा विश्वासच बसेना की मटण न खाणाऱ्याला हे कसं. ते होतं डुकराच्या जंताच्या अंड्यांनी, आणि अंडी पोटात जातात न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातातून, त्यात शाकाहारी मांसाहारी काही नाही. भारतात फिटचं हे एक मोठं कारण आहे. पूर्वी अशी गाठ स्कॅनवर दिसली की टीबीची समजून टीबीच्या गोळ्या चालू करायचे, वेल्लोरच्या सीएमसीतल्या डॉक्टरांनी गाठी काढून तपासल्या तेव्हा त्यातल्या बहुतेक या किड्याच्या निघाल्या. तर कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात जे कच्चं खातो ते वाहत्या पाण्याखाली नीट धुवा.

आता खटकलेलं. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. नसांच्या डॉक्टरकडे येणारा निम्मा पेशंट लकव्याचा, कुणाचा एक पाय उचलत नाही, कुणाचा तोल जातो, आणि त्यांना खुर्चीसकट दोघं तिघं उचलून वर नेतात. एका म्हाताऱ्या बाबांना तसं नेताना बघितलं, खालीच कुठंतरी एक खोली ठेवायला काय हरकत आहे. काउंटरवर हे बोललो, वहीत पण लिहून आलो. दुसरं म्हणजे नंबर. फोनवर सकाळचा नंबर देतात पण प्रत्यक्षात दुपार होते, कारण आत प्रत्येकाला वेळ देतात. ती तक्रार मी करत नाही कारण आमचं निदान त्याच वेळेमुळे झालं, पण निदान फोनवर खरी वेळ सांगा, लांबून आलेली माणसं उपाशी बसतात. मे महिन्यात वेटिंग हॉलमध्ये दोन पंख्यांवर भागत नाही. फी इथल्या साध्या फिजिशियनपेक्षा जास्त आहे, पण फेरतपासणीला कमी घेतात आणि रिपोर्ट दाखवायचे वेगळे पैसे घेत नाहीत.

भाचीची तब्येत म्हणाल तर नवीन गोळी पूर्ण डोसवर आल्यापासून मोठी फिट नाही, सकाळचे झटके जवळजवळ बंद. जागरण झालं तर एखादा बसतो, ते ती स्वतः वहीत लिहून ठेवते आणि तपासणीला दाखवते.

जाणाऱ्यांनी एवढं करा, फिट प्रत्यक्ष बघितलेला माणूस सोबत न्या, शूटिंग असेल तर ते, जुन्या गोळ्यांची पाकिटं आणि एमआरआयची फिल्म न्या, नुसता रिपोर्ट नको. अमळनेर धरणगावकडच्यांना रेल्वे बरी पडते, स्टेशनवरून रिक्षा मिळते. सोमवारी गर्दी फार असते, मधला वार बघा, आणि डबा घेऊन जा.