जर्मन खापरपणजोबांचं गाव शोधताना: वर्षभराच्या वापरानंतर

माझं सासर अमेरिकेतल्या सिनसिनाटीचं. नवऱ्याचे खापरपणजोबा १८४० च्या दशकात जर्मनीतून ओहायोत आले, एवढंच घरात ठाऊक. 'कुठून?' विचारलं की सासूबाई 'प्रशिया' (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) म्हणून मोकळ्या! म्हणून वंशावळ शोधायच्या साइट्स, पैसे भरायच्या आणि फुकटच्या, जवळपास वर्षभर वापरल्या.

आधी महागड्या साइटबद्दल. नाव घेत नाही. अमेरिकेतले कागद तिथे भरपूर आहेत: जनगणना, शहराच्या डिरेक्टऱ्या, बोटींच्या याद्या. पणजोबांपर्यंत तर बसल्या बैठकीला पोचता येतं. अडतं ते समुद्र ओलांडताना. जनगणनेत जन्मस्थान 'जर्मनी' नाहीतर 'प्रशिया', आणि बोटीच्या यादीतही त्यापुढे काही नाही. साइट आपणहून जे दुवे सुचवते ते निव्वळ नामसाधर्म्यावर. आमच्या माणसाला तिने बव्हेरियातला जन्म चिकटवला. तो कितीतरी लोकांनी डोळे झाकून उतरवून घेतलाय, आणि आता त्यांच्याच वंशावळी मला पुरावा म्हणून दाखवल्या जातात. योहान हाइनरिश नावाची माणसं त्या काळात पैशाला पासरी होती, हे कोणी लक्षात घेत नाही.

हॅम्बुर्गच्या प्रवासी याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या टिकल्यात आणि त्यांत मूळ ठिकाणही असतं. पण वायव्य जर्मनीचे लोक बहुतेक ब्रेमेनहून निघत, आणि ब्रेमेनने १८७५ मध्ये जागा नाही म्हणून जुन्या याद्या नष्ट केल्या. इकडे सिनसिनाटीत १८८४ साली खुनाच्या खटल्याच्या निकालावरून भडकलेल्या जमावाने कोर्टाची इमारत जाळली, तीत दप्तरही गेलं. म्हणजे दोन्ही टोकांना राख.

गाव सापडलं ते चर्चच्या वहीत. ओव्हर-द-ऱ्हाइन या जुन्या जर्मन वस्तीतल्या कॅथलिक पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या) लग्नाच्या नोंदीत पाद्र्याने वधूवरांची मूळ गावं लिहून ठेवली होती. सरकारी कारकुनाला 'प्रशिया' पुरे होतं, पण पाद्री स्वतः जर्मन, त्याला पुरे कसं होईल? (डिरेक्टरीतली ब्रेमेन स्ट्रीट आजच्या नकाशावर शोधू नका. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, तिचं नाव रिपब्लिक स्ट्रीट झालं.) माझं मत स्पष्ट आहे: गावाचं नाव हाती येईपर्यंत जर्मन नोंदींवर एक डॉलरही खर्च करू नका. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी साऱ्या जर्मनीत १८७६ पासूनच्या. त्याआधीचं बहुतेक सगळं त्या त्या पॅरिशच्या वहीत, त्यामुळे पॅरिश कळल्याशिवाय दार उघडत नाही.

पॅरिश शोधायला १९१२ चा मायर्स गॅझेटियर, म्हणजे जर्मन गावांचा कोश. ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि एकाच नावाची चार गावं निघाली तर नकाशावर ताडून बघता येतात. त्यावरून आमचं गाव म्युन्स्टरच्या उत्तरेला निघालं. पुढे मात्रिकुला. ही साइटही फुकट, मुख्यतः कॅथलिक नोंदींची, म्युन्स्टर धर्मप्रांताच्या वह्या तिथे आहेत. तुमचे पूर्वज प्रोटेस्टंट असतील तर आर्खिऑन बघा, त्याला वर्गणी लागते. मात्रिकुलात नाव टाकून शोधायची सोय नाही, फक्त पानांचे फोटो. पानं उलटत बसायची तयारी हवी. अक्षर 'कुरेंट' या जुन्या जर्मन वळणाचं, मोडी पहिल्यांदा बघताना होतं तसंच होतं: e, n, u, m सगळे सारखेच खालीवर जाणारे फराटे, u ओळखायचा तो डोक्यावरच्या वाटोळ्या रेघेवरून. त्यात मध्येच लॅटिन. 7bris म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर (लॅटिनमध्ये सात म्हणजे septem)!

खरी गंमत आडनावाची. त्या भागात आडनाव माणसाचं कमी आणि शेतवाडीचं जास्त. घरजावई म्हणून गेलेला पुरुष बायकोच्या वाडीचं नाव लावी, मुलंही तेच. आमच्या माणसाचा बाप म्हणूनच सापडत नव्हता, तो जन्मला वेगळ्याच नावाने. लग्नाच्या नोंदीत दोन्ही नावं शेजारी दिसली तेव्हा गाठ सुटली. वाडी एकाच मुलाला मिळे, बाकीचे दुसऱ्याच्या जमिनीवर खंडाने राहत आणि जोडीला लिननचं कापड विणत. यंत्राच्या स्वस्त कापडाने तो धंदा बसवला. आमचे खापरपणजोबा धाकटे होते.

डीएनए चाचणीही केली. निघाले ते बहुतेक अमेरिकेतलेच चुलत-मावस. गाव शोधायला शून्य उपयोग.

महागडी वर्गणी बंद केली. फॅमिलीसर्च (वंशावळीची फुकट साइट), मायर्स आणि मात्रिकुला एवढ्यावर भागतं. आता राहिलंय ते म्युन्स्टरच्या राज्य अभिलेखागारात देशांतराच्या परवानगीचा कागद आहे का, हे विचारणं. वयाने खापरपणजोबा लष्करभरतीच्या तोंडावर होते आणि असे पुष्कळ जण परवानगी न घेताच निघत, त्यामुळे मला फारशी आशा नाही. सासूबाईंना मात्र तो कागद नाहीच सापडला तर जास्त आनंद होईल.