बोचिया चेंडूंचा संच: सात महिने वापरून

बोचिया हा अपंगांसाठीचा चेंडू टाकायचा खेळ. त्याचा हा संच ऑनलाइन मागवला तेव्हा जवळपास क्विंटलभर कापसाचे पैसे गेले. घरात दोन दिवस धुसफूस चालली. आज सांगतो, पैसे वसूल झाले.

मुलगा अकरा वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातपाय ताब्यात राहत नाहीत; व्हीलचेअरवर असतो. शाळेत पीटीच्या तासाला त्याला निंबाखाली बसवून सगळ्यांची दप्तरं सांभाळायला देत. ‘त्याला खेळाची आवडच नाही,’ असं सर म्हणायचे. मीही ते खरं धरलं, याचं आजही वाईट वाटतं.

संचात सहा लाल, सहा निळे आणि एक पांढरा चेंडू. पांढऱ्याच्या जास्त जवळ ज्याचे चेंडू, त्याला गुण. १९८४ पासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे आणि तो बसूनच खेळतात. चेंडू साधारण २७५ ग्रॅमचा, आत दाणे भरलेले, म्हणून उसळत नाही, लांब पळत नाही. मुलाच्या आखडलेल्या बोटांत तो बसतो, पण फेकताना बोटं वेळेवर सुटत नाहीत. अशा मुलांना उतरती पन्हळ वापरता येते. ती विकत घेऊ नका. शेतात उरलेला ११० एमएमचा पीव्हीसी पाईप मी उभा चिरला, कडा घासल्या आणि स्टुलाला बांधला. चेंडू झकास घरंगळतो.

खरी मजा नियमात आहे. पन्हळ धरणाऱ्यानं मैदानाकडे पाठ करून बसायचं, वळून बघायचं नाही. मी फक्त त्याचे हात. ‘पप्पा, डावीकडे. आखो थोडं. आते बस!’ ज्या पोराला दिवसभर आम्ही उचलतो, भरवतो, तो मला हुकूम सोडतो. मान सरळ धरून तासभर बसतो. थेरपीत याच मानेसाठी चॉकलेट दाखवावं लागायचं, तरी दहा मिनिटांत रडायचा.

तक्रारी दोन. तिसऱ्या महिन्यात एका लाल चेंडूची शिवण उसवली, ओटाभर दाणे. कंपनीनं मेलला उत्तर दिलं नाही. बाजारातल्या चप्पल शिवणाऱ्या दादांनी टाके घालून दिले. आणि नियमांचं पत्रक फक्त इंग्रजीत, ते मी वहीत मराठीत उतरवून घेतलं.

उन्हाळ्यात ओटा तापतो, म्हणून अंधार पडल्यावर बल्बखाली डाव मांडतो. गल्लीतली चार पोरं रोज येतात. रविवारी त्यानं आठवीतल्या एकाला हरवलं. आता म्हणतो, संच शाळेत न्यायचा. सोमवारी पाईपासकट मोटारसायकलला बांधून नेतोय.