धोट्याचा फोटो : घरी बनवलेला कॅमेरा की प्रोफेशनल? सात महिने वापरून

आमच्या ओळखीच्यांचा चादरीचा कारखाना आहे सोलापुरात, जुने धोट्याचे माग (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा तुकडा), आणि मला धोटा हवेत असताना स्वच्छ फोटो पाहिजे होता, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मित्र लग्नाचं शूटिंग करतो, त्याचा मिररलेस कॅमेरा अधूनमधून मिळायचा. दुसरा मी घरी जोडलेला, रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर आणि त्यांचा ग्लोबल शटर कॅमेरा.

आधी त्यांचाच १२ मेगापिक्सेलवाला घेतला होता, तो चुकला. तो सेन्सर ओळीओळीने वाचतो, त्यामुळे खालची ओळ वाचेपर्यंत धोटा पुढे गेलेला असतो आणि फोटोत तिरका दिसतो. मित्राच्या कॅमेऱ्यात सायलेंट (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक) शटर लावलं की तिथेही थोडं तेच. ग्लोबल शटरमध्ये सगळे पिक्सेल एकाच वेळी उघडतात. मेगापिक्सेल मात्र फक्त १.६, म्हणजे १४५६ बाय १०८८, चार बाय सहाच्या वर प्रिंट मोठी केली की मऊ पडते, हे मान्यच करायला लागतं.

धोट्याच्या वाटेत दोन आयआर (इन्फ्रारेड) बीमचे सेन्सर लावून मोजलं तर धोटा सेकंदाला साधारण ११ मीटर जातो. १/२००० सेकंदाच्या शटरला तो साडेपाच मिलीमीटर सरकतो, म्हणजे धागा पुसलाच. शेडमध्ये उजेड कमी, त्याहून वेगवान शटर ठेवलं तर फोटो काळा. खरा फरक पडला फ्लॅशने. जुना स्पीडलाइट १/३२ पॉवरवर ठेवला की त्याचा झोत इतका कमी वेळ टिकतो की धोट्याच्या छिद्रातून निघणारा धागासुद्धा दिसतो! माझ्या कॅमेऱ्याला बाहेरून ट्रिगर देता येतो, बीम तुटला की कॅमेरा आणि फ्लॅश एकदम. मित्राच्या कॅमेऱ्यावर सेकंदाला २० फ्रेमचा बर्स्ट मारला तरी दोन फ्रेममध्ये धोटा अर्धा मीटर पुढे, म्हणजे नशिबाचा खेळ.

अजून एक. मागावर काम करणारे अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले, "त्या टोकाला उभारू नका बघा, धोटा उडाला तर डोकं फुटतंय." तिथे लाखाचा कॅमेरा कोण ठेवणार? माझा डबा बिनधास्त ठेवला, आम्ही लांब.

त्रास पण लई झाला. कापसाचे तंतू सगळीकडे, लेन्स दर अर्ध्या तासाला पुसायची. एप्रिलमध्ये रास्पबेरी पाय तापून ८० डिग्रीला पोचला की स्लो होतो, पंखा लावला. दोनदा लाइट गेली आणि मेमरी कार्ड करप्ट, तेव्हापासून पॉवर बँकवरच चालवतोय.

नान्नजच्या अभयारण्यात काळविटाचे फोटो काढायला मात्र हा नेऊ नका, मी नेला आणि पस्तावलो. ऑटोफोकस नाही, काळवीट कुठून उडी मारेल ते बीमला कुठे माहीत. तिथे प्रोफेशनलच पाहिजे, डोळ्यावर फोकस धरून ठेवतो तो. सोनीने २०२३ मध्ये ए९ थ्री जाहीर केला, त्यात फुल फ्रेमला ग्लोबल शटर आहे, दोन्ही कामं करेल, पण किंमत बघूनच बाजूला ठेवला.

पुढच्या महिन्यात त्या शेडमधले चार माग भंगारात जाणार आहेत, रेपियर माग येतोय, त्यात धोटाच नसतो. म्हणून सध्या रोज संध्याकाळी तिथेच असतो. १६ एमएमची सी-माउंट लेन्स (माझ्या कॅमेऱ्याला बसणारी) सोलापुरात कुणाकडे पडून असेल तर पंधरा दिवसांसाठी द्या की, जपून वापरतो.