ख्रिस्ती पवित्र अवशेषांवरचा अभ्यासवर्ग : तीन संध्याकाळींचा अनुभव

सदाशिव पेठेतील एका छोट्या सभागृहात गेल्या महिन्यात झालेल्या अभ्यासवर्गाला मी ६०० रुपये भरून गेलो, कारण ख्रिस्ती संतांच्या अवशेषांची, म्हणजे श्रद्धेने जपलेल्या त्यांच्या हाडांची आणि वस्तूंची, शास्त्रीय तपासणी हा विषय मराठीतून फारसा ऐकायला मिळत नाही. पैसे सार्थकी लागले, हे आधीच सांगतो.

पहिला दिवस मात्र घाईत उरकला. इ. स. ७८७ मध्ये निकिया (आजच्या तुर्कस्तानात) येथील बिशपांच्या दुसऱ्या परिषदेने चर्चच्या प्रतिष्ठापनेसाठी अवशेष आवश्यक ठरवले, हा महत्त्वाचा मुद्दा दोन वाक्यांत संपला. टिपणांसोबत नकाशा दिला असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी ट्यूरिनच्या कफनाविषयी, म्हणजे येशूचा मृतदेह गुंडाळला होता असे अनेक जण मानतात त्या कापडाविषयी, बोलताना वक्त्या बाईंनी टपाल तिकिटाएवढा तागाचा तुकडा सर्वांच्या हातांतून फिरवला. १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिच आणि ॲरिझोना येथील प्रयोगशाळांना मिळालेले नमुने साधारण एवढेच होते. ते जाळून त्यातील कार्बन-१४ (काळानुसार ठरावीक गतीने घटणारा कार्बन) मोजल्यावर कापडाचा काळ इ. स. १२६० ते १३९० असा निघाला. तपासणीत नमुना कायमचा नष्ट होतो, म्हणूनच अवशेष सांभाळणारे तो देताना कचरतात, हे तो तुकडा बोटांत धरल्यावर नीट उमगले.

सर्वांत रंगला तो तिसरा दिवस, आणि तो तर आपल्या शेजारच्या गोव्याचाच. जॉर्जियाची राणी केतेवान, जिला तिथले चर्च संत मानते, १६२४ मध्ये इराणमधील शिराझ येथे मारली गेली आणि ऑगस्टिनियन या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी तिचे काही अवशेष गोव्यात आणले. पोर्तुगीज कागदपत्रांतील खुणांच्या आधारे जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या वास्तूत उत्खनन झाले, आणि तेथे सापडलेल्या हाडांची हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत तपासणी झाली. एका हाडात आईकडून येणाऱ्या डीएनएचा यू१बी हा गट मिळाला. सुमारे २२,००० भारतीयांत तो आढळला नाही, तर तपासलेल्या ३० जॉर्जियन व्यक्तींपैकी दोघांत आढळला. पुढे २०२१ मध्ये भारताने हा अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केला.

‘मग ते हाड राणीचेच, हे सिद्ध झाले का?’ असे मी विचारले. बाईंनी घाई न करता समजावले की आईकडून येणारा डीएनए वंशाची दिशा दाखवतो, व्यक्तीचे नाव सांगत नाही. म्हणून संशोधकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘बहुधा’ हा शब्द ठेवला. त्या एका शब्दावर त्या दहा मिनिटे बोलल्या, आणि सभागृहातील कोणीही घड्याळाकडे पाहिले नाही.