शहर थंड ठेवायचं: झाडं की पांढरी छतं?
डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन शोषतात आणि रात्री तीच उष्णता सोडत बसतात. त्यावर झटपट उपाय म्हणजे छताला पांढरा परावर्तक रंग. काळं छत बहुतेक ऊन पिऊन टाकतं. नवा पांढरा थर साधारण 80 टक्के परत पाठवतो. वरच्या मजल्यावर फरक लगेच जाणवतो. धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणजे धुणं आणि पुन्हा रंगवणं आलंच.

पण छत रंगवून रस्त्याने चालणाऱ्याला काय मिळतं? फारसं काही नाही. झाड सावली देतं, पानांतून वाफ सोडून हवा थंड करतं, पावसाचं पाणी मुरायला मदत करतं. मात्र बुंध्यापर्यंत फरशी ठोकली की मुळं गुदमरतात, झाड खंगतं आणि एखाद्या वादळात आडवं होतं. न्यूयॉर्कने 2007 मध्ये दहा लाख झाडांची मोहीम घेतली आणि 2009 पासून छतंही रंगवायला घेतली.

माझा कौल झाडांना, त्यातही आज उभ्या असलेल्या जुन्या झाडांना. पत्र्याच्या घरांवर मात्र रंग याच उन्हाळ्याआधी लागायला हवा. तिथल्या माणसांना रोप वाढेपर्यंत थांबा असं सांगता येणार नाही.